आबमेल्डुंगचा कागद

पालिकेच्या कार्यालयातल्या बाईंनी छापलेला कागद माझ्यापुढे सरकवला आणि "आलेस गूटे", म्हणजे सगळं चांगलं होवो, एवढं म्हणून पुढचा नंबर पुकारला. दोन वर्षांपूर्वी याच इमारतीत मी पत्ता नोंदवला होता. आता महिनाअखेरीपासून मी ग्यॉटिंगनची रहिवासी नाही, असं कागद सांगत होता. बाहेर पायऱ्यांवर बसून मी तो तीनदा वाचला.

जर्मनीत राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, ते आनमेल्डुंग. देश सोडताना ती नोंद काढायची, ते आबमेल्डुंग. घर सोडण्याच्या फार तर आठवडाभर आधी ते करता येतं. रेडिओ-टीव्हीची दरमहा १८.३६ युरोंची वर्गणी (घरात टीव्ही नसला तरी ती चुकत नाही) बंद करायलाही हाच कागद लागतो. मागून येणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगते. खोली सोडण्याची लेखी नोटीस बहुधा तीन महिने आधी द्यावी लागते. आणि अनामत रक्कम हातात पडायला वेळ लागतो, तोवर तिथलं बँक खातं बंद करू नका.

भिंतीतली खिळ्यांची भोकं लांबी भरून बुजवताना लक्षात आलं की ती फक्त दोनच आहेत. आपण जाणारच आहोत, म्हणून मी पडदे घेतले नाहीत, चित्रं लावली नाहीत, शेजारच्या आजींशी पहिलं वर्षभर 'गूटन टाग'पलीकडे बोलले नाही. त्याच आजींनी नंतर मला बागेतल्या झाडांची नावं शिकवली. ते पहिलं वर्ष मी वाया घालवलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उरलेली भांडी आणि टेबलावरचा दिवा खोक्यात भरून मी दारासमोर ठेवला. वर लिहिलं, 'त्सू फरशेंकन', हवं त्याने न्यावं. संध्याकाळपर्यंत खोकं रिकामं झालं होतं.

शेवटच्या रविवारी शहराच्या दफनभूमीत गेले. आठ नोबेलविजेते इथे विसावले आहेत. पुंजभौतिकीची सुरुवात करणाऱ्या माक्स प्लांकच्या दगडावर त्याच्या नावाने ओळखला जाणारा स्थिरांक कोरलाय, त्याच शास्त्राची पुढची मांडणी करणाऱ्या माक्स बोर्नच्या दगडावर त्यातलं 'पी क्यू वजा क्यू पी'चं समीकरण. मी पदार्थविज्ञान शिकायला आले ते याच गावाच्या नावामुळे, तरी मला ओढ बोर्नच्या कबरीची. ज्यू म्हणून १९३३ मध्ये त्याला इथल्या प्राध्यापकपदावरून दूर केलं. तो केंब्रिजला गेला. पुढे रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगळुरात राहिला, मग एडिंबरा. निवृत्तीनंतर तो जर्मनीत परतला आणि १९७० मध्ये याच ग्यॉटिंगनमध्ये वारला. ज्या गावाने आपल्याला घालवून दिलं, त्याच्याच मातीत परत यावंसं वाटायला काय लागत असेल? त्याच्यापुढे माझं जाणं किती सोपं. मला कोणी जा म्हटलेलं नाही. तिथून निघताना पाय जड झाले होतेच.

जुन्या नगरभवनासमोरच्या कारंज्यावर गेन्झेलीझेल उभी आहे, हंस राखणारी मुलगी. १९०१ पासूनची. मूळ पुतळा आता संग्रहालयात आहे, चौकात त्याची प्रतिकृती. डॉक्टरेट मिळाली की मित्रमंडळी नव्या डॉक्टरला सजवलेल्या हातगाडीत बसवून इथे आणतात. तो कारंज्यावर चढतो, तिच्या गालाचं चुंबन घेतो आणि फुलं ठेवतो. १९२६ मध्ये यावर बंदी आली होती, पण पोरांनी ऐकलं नाही. दोन वर्षं मी ते बाजूला उभं राहून पाहिलं. कधी पावसात, कधी बर्फात, आणि दर वेळी अनोळखी माणसासाठी टाळ्या वाजवल्या. माझी पदवी एमएस्सीची, तेव्हा त्या कठड्यावर चढायचा मान माझा नाही.

निघायच्या सकाळी गाडीला अवकाश होता. चौकात कोणी नव्हतं. तिच्या हातात कुणाचा तरी कालचा गुच्छ होता, अजून टवटवीत. माझी मैत्रीण इथेच पीएचडी करतेय, ती सामान घेऊन सोबत आली होती. तिला म्हटलं, "तुझी पाळी येईल तेव्हा एक फूल माझ्या वाटचं ठेव."

"कुठलं?" तिने विचारलं.

शेजारच्या आजींनी शिकवलेल्यांपैकी एक नाव मी सांगितलं, जर्मनमधलं. मराठीत त्याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही.