पद्मिनीचा सायलेन्सर : खेतवाडीतून पाइप आणला

मंडळी, बाबांच्या 86 च्या प्रीमियर पद्मिनी गाडीला बसवलेला तयार 'स्टेनलेस' सायलेन्सर एका पावसाळ्यातच तांबूस पडला होता. रविवारी तो उतरवला. शिवणीच्या कडेने गंज धरलेला, आणि पुढच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर पापुद्राच सुटून आला. बिलावर 304 (स्टेनलेसची निकेलवाली, चांगली जात) लिहिलेलं, खोक्यावर परदेशी बनावटीचा शिक्का.

घेताना मी लोहचुंबक लावून पाहिला होता. चिकटला नाही, म्हणून निर्धास्त होतो. फसलो ते तिथेच. बाजारात ज्याला जे-फोर म्हणतात त्या 200 सिरीजच्या मालालाही चुंबक चिकटत नाही. त्यात महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि क्रोमियमही 304 पेक्षा कमी असतं. उलट अस्सल 304 चा पाइप थंडा वाकवला की वाकलेल्या जागी चुंबक हलकासा ओढ घेतो. आणि 409, म्हणजे स्टेनलेसचीच एक स्वस्त जात, ज्यात क्रोमियम जेमतेम 11 टक्के, त्याला तर चुंबक घट्ट बसतो. तरी कितीतरी गाड्यांना कंपनीतूनच 409 चा सायलेन्सर येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. तेव्हा नुसत्या चुंबकावर माल पारखू नका.

या वेळी टेस्टिंग लिक्विड आणि 9 व्होल्टची बॅटरी घेऊन बसलो. पॉलिश पेपरने जागा घासली, एक थेंब टाकला, बॅटरी लावली. जुन्या सायलेन्सरवर थेंब बघता बघता लाल झाला, म्हणजे मँगनीज भरपूर. शेजारी ठेवलेल्या खात्रीच्या 304 च्या तुकड्यावर लाली आलीच नाही.

'कुठे बनलं' याबद्दलही माझं मत बदललंय. खोक्यावरचा देश फार तर सांगतो की पाइप कुठे वाकवला आणि जोडला. पत्र्याचं पोलाद कुठल्या भट्टीतून आलं, ते त्यावर नसतं. आपल्याकडे सेलम आणि हिसारला उत्तम 304 बनतं, त्यामुळे मी आता देश विचारत नाही, हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या ओतीचा नंबर, विचारतो. खेतवाडीत तिसऱ्या दुकानात मनासारखा पाइप मिळाला. अंगावर ओळ छापलेली : ए-554 (स्टेनलेस पाइपाचं मानक), एमटी-304 (त्यातली 304 ची जात), पुढे हीट नंबर. म्हटलं, "शेठ, याचं टेस्ट सर्टिफिकेट दाखवा." त्यांनी कपाटातून फाइल काढली. नंबर जुळला. क्रोमियम 18.2 टक्के, निकेल 8.1 टक्के. जाडी दीड मि.मी., व्यास जुन्या पाइपाचाच ठेवला. कट मारायच्या आधी त्या छापील ओळीचा फोटो काढून ठेवा, नाहीतर उरलेला तुकडा कशाचा ते पुढे कळत नाही.

आपल्या गाड्यांना हे सोसावं लागतं त्याचं कारण आतलं पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. माझी फेरी पार्ले ते दादर. तेवढ्यात मागचा डबा पुरता तापतही नाही, वाफेचं पाणी आतच साचतं. बाहेरून खारी हवा आहेच.

वेल्डिंग कुर्ल्याला टिगवर (आर्गन वायूच्या आडोशाने होणारं वेल्डिंग) चाललंय. पाइपाला पाइप 308एल रॉडने (304 ला 304 जोडायचा), पुढची फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, साध्या लोखंडाची म्हणून तिथे 309एल (स्टेनलेसला लोखंड जोडायचा). जोड मारताना पाइपात आर्गन सोडायला लावला. तो नसला की जोडाच्या आतल्या बाजूला काळी, रवाळ खपली धरते आणि गंज तिथूनच सुरू होतो. तारेचा ब्रशही स्टेनलेसचा, नवा नेला; लोखंडावर चाललेला ब्रश याला लावला की त्याचे कण चिकटून डाग पडतात.

हँगरचं काम राहिलंय. 304 तापल्यावर जास्त लांबतं : 300 अंशांनी तापलं तर मीटरमागे साधारण 5 मि.मी., साधं लोखंड साडेतीनच्या आसपास. जुन्या कडक पट्ट्यांवर टांगलं तर सगळा ताण जोडावर येईल, म्हणून मागे दोन रबरी हँगर घेतोय. पुढच्या रविवारी ते बसले की इंजिन सुरू करून जोड तपासणार आहे.