मिड-सेंच्युरी मॉडर्न घर: देखणेपण आणि दुखणं एकाच तुळईत

मिड-सेंच्युरी मॉडर्न, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातली आधुनिक अमेरिकी शैली, म्हटलं की डोळ्यांसमोर निमुळत्या पायांच्या खुर्च्या आणि बुटके साइडबोर्ड येतात. ते झालं सामान. सामान उचलून नेल्यावर जे उरतं ते घर, आणि ते ओळखायचं असेल तर आत उभं राहून वर बघायचं. छताच्या तुळया उघड्या दिसतात. त्या भिंतीपाशी थांबत नाहीत, काचेच्या वरून सरळ बाहेर वळचणीपर्यंत जातात. सगळा भार खांब आणि तुळयांवर असल्यामुळे भिंतीला काहीच पेलायचं नसतं, म्हणून तिच्या जागी काच चालते. या घरांची मोहिनी इथून सुरू होते आणि त्यांची बहुतेक दुखणीही इथूनच.

या घरांचं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं आहे. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी 1937 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथं जेकब्स कुटुंबासाठी एक घर बांधलं. खर्च साधारण साडेपाच हजार डॉलर. पूर्ण तळघर नाही, माळा नाही, जमिनीवर थेट काँक्रीटचा स्लॅब, उबेसाठी फरशीखालून पाइप आणि गाडीसाठी नुसतं छप्पर. पुढच्या तीस वर्षांत जे घडलं त्याचा आराखडा या एका लहान घरात दिसतो.

युद्ध संपताना अमेरिकेत घरांची प्रचंड टंचाई होती. परतणाऱ्या सैनिकांना 1944 च्या जीआय कायद्यामुळे (सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा) गृहकर्ज सहज मिळू लागलं. जानेवारी 1945 मध्ये ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ मासिकाचे संपादक जॉन एन्टेन्झा यांनी केस स्टडी घरांचा उपक्रम जाहीर केला: कारखान्यात तयार होणारं साहित्य वापरून सर्वसाधारण कुटुंबाचं आधुनिक घर कसं बांधता येईल, हे प्रत्यक्ष बांधून दाखवायचं. यातलं आठव्या क्रमांकाचं, लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्समधलं, चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर दांपत्याचं घर 1949 मध्ये पूर्ण झालं. पोलाद जागेवर येऊन पडलं, तोवर दोघांचा जीव त्या गवताळ माळावर जडला होता. माळाच्या मधोमध पुलासारखं घर उभारायचा पहिला नकाशा त्यांनी बाजूला ठेवला आणि जवळपास त्याच पोलादातून, फक्त एक तुळई जादा मागवून, टेकडीला लागून नवं घर रचलं. 7 फूट 4 इंच रुंदीचे गाळे, आठ घराचे आणि पाच स्टुडिओचे. जुळणीच्या सुट्या भागांतून घर बांधण्याचं बळ यापेक्षा स्वच्छ कुठेही दिसत नाही.

पण ही घरं सामान्य माणसापर्यंत पोचवली ती जोसेफ आयक्लर यांनी. आयक्लर वास्तुविशारद नव्हते, बिल्डर होते. काही काळ ते राइट यांनी हिल्सबरोमध्ये बांधलेल्या एका घरात भाड्यानं राहिले आणि तेच गारूड त्यांनी धंद्यात आणलं. अँशेन अँड अ‍ॅलन, जोन्स अँड एमन्स आणि क्लॉड ओकलंड या वास्तुविशारदांकडून नकाशे करून घेत त्यांनी कॅलिफोर्नियात सुमारे 11 हजार घरं बांधली. गोऱ्यांखेरीज इतरांना घर न विकण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती. आयक्लर कोणालाही विकत, आणि याच प्रश्नावर त्यांनी 1958 मध्ये बांधकाम व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. या घरांच्या मोठेपणात मी हेही धरतो.

कॅलिफोर्नियातल्याच पाम स्प्रिंग्समध्ये जॉर्ज आणि रॉबर्ट अलेक्झांडर या पितापुत्रांनी दोन हजारांहून अधिक घरं उभी केली. वास्तुविशारद विल्यम क्रिसेल यांची त्यातली युक्ती मला फार आवडते. ट्विन पाम्स वसाहतीत घराचा नकाशा 40 बाय 40 फुटांचा, एकच. तो प्लॉटवर वेगवेगळ्या दिशांना फिरवायचा आणि छप्पर बदलायचं: कुठे सपाट, कुठे उतरतं, कुठे फुलपाखराच्या पंखांसारखं मध्ये खोलगट. बांधकाम स्वस्त राहिलं आणि रस्त्यावरून कोणतीही दोन घरं सारखी दिसली नाहीत.

आता वळचणीचं गणित, कारण या घरांमागचा विचार तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोचं अक्षांश 37.4 अंश. 21 जूनला दुपारी सूर्य तिथे क्षितिजापासून 76 अंशांवर असतो, 21 डिसेंबरला 29 अंशांवर. दक्षिणेकडे 8 फूट उंच काच आहे आणि तिच्या माथ्यावर 3 फुटांची वळचण आहे असं धरा. जूनमध्ये सावली 12 फूट खाली उतरते, म्हणजे काच पूर्ण झाकली जाते. डिसेंबरमध्ये वरची जेमतेम पावणेदोन फूट काच सावलीत राहते आणि बाकी सगळं ऊन फरशीवर येतं. हिवाळ्यात तो काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊब साठवतो. पश्चिमेच्या काचेला मात्र हे लागू नाही. संध्याकाळचं ऊन आडवं येतं, तिथे वळचण कितीही वाढवली तरी उपयोग नाही, झाड किंवा बाहेरचा पडदाच हवा. घर बघायला जाताना होकायंत्र सोबत ठेवा.

छपराबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे जातो. तुळयांवर टंग-अँड-ग्रूव्ह, म्हणजे खाचेत एकमेकींना अडकणाऱ्या, फळ्या टाकलेल्या असतात, म्हणायला 2 इंची, प्रत्यक्षात दीड इंच जाड. खालून दिसतं ते छत म्हणजे याच फळ्यांची खालची बाजू. वरून डांबर आणि खडी. माळा नसल्यामुळे इन्सुलेशन भरायला पोकळीच नाही, ते फळ्यांच्या वरच घालावं लागतं. पॉलिआयसो या कडक फोमचे बोर्ड इंचाला साधारण R-6 देतात (R हे उष्णता अडवण्याचं माप, जास्त तितकं चांगलं), म्हणजे तीन इंचांत R-17 ते 18. पण तीन इंच सगळीकडे सारखे घातले की छपराची पातळ कड एकदम जाड होते आणि रस्त्यावरून घर टोपी घातल्यासारखं दिसतं. उपाय सोपा आहे. वळचणीखाली खोली नाही, तिथे ऊब राखायची गरजच नाही. इन्सुलेशन भिंतीच्या रेषेवर थांबवा आणि तिथून कडेपर्यंत उतरते बोर्ड लावा.

दुसरी नेहमीची चूक खिळ्यांची. साध्या घरांवर काम केलेला कंत्राटदार सवयीनं लांब स्क्रू मारतो आणि दिवाणखान्याच्या छतातून शेकडो टोकं बाहेर येतात. फळी दीड इंचाची, म्हणून तिच्यात जाणारा भाग सव्वा इंचापेक्षा जास्त नको. बोर्ड डिंकानं चिकटवता आले तर उत्तमच. आयक्लर घरांत विजेच्या नळ्याही बऱ्याचदा फळ्यांवरूनच, डांबराच्या थराखालून गेलेल्या असतात. जुना थर खरवडण्याआधी त्या शोधून खूण करा. नवे दिवे, पंखे किंवा वायरिंग करायचं असेल तर ते छप्पर उघडं असतानाच उरका. नंतर वायर लपवायला जागा मिळणार नाही.

पाणी वाहून जायला दर फुटाला किमान पाव इंच उतार लागतो. पाऊस थांबून 48 तास झाले तरी डबकं दिसत असेल तर उतार चुकला आहे. गळती शोधताना फसगत हमखास होते: पाणी फळ्यांच्या खाचेतून चालत जातं आणि भोक असतं तिथून बऱ्याच अंतरावर ठिबकतं. डागाच्या वर डोकं घालण्यापेक्षा त्याच खाचेच्या रेषेत चढाच्या बाजूला शोधत जा. स्प्रे फोमचं छप्पर या घरांना चांगलं बसतं, कारण ते सांध्याशिवाय असतं, इन्सुलेशनही तेच होतं आणि खोलगट जागी जाड मारून उतार देता येतो. पण उन्हानं फोमची भुकटी होते आणि पक्षी त्याला टोचे मारतात. वरचा लेप सुमारे दहा वर्षांनी पुन्हा द्यावाच लागतो.

वळचणीबाहेर आलेली तुळयांची टोकं ही दुसरी नाजूक जागा. लाकडाचा आडवा छेद पाणी ओढून घेतो, त्यामुळे कूज टोकाकडून आत सरकते. रंग वरून शाबूत दिसतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. टोचा किंवा स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. वरच्या बाजूनं आणि खालून, दोन्हीकडून. टोचा थोडाच रुतला तर कुजका भाग काढून इपॉक्सीनं भरता येतो. आत भिंतीपर्यंत मऊ लागलं तर टोक कापून नवं जोडायचं काम आहे आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच करायचं. तुळईच्या माथ्यावर पत्र्याची टोपी घाला, पण समोरचा छेद बंद करू नका. पूर्ण गुंडाळलेली तुळई आतल्या ओलीनं जास्त लवकर कुजते. खांबांच्या पायथ्याशी फुलझाडांची माती चढवलेली असेल तर ती आधी उतरवा, वाळवीची वाट तीच.

फरशीतली ऊब हे या घरांचं खरं सुख. कोमट पाणी स्लॅबमधल्या नळ्यांतून फिरतं, पंख्याचा आवाज नाही, धूळ नाही. सुरुवातीच्या घरांत नळ्या तांब्याच्या होत्या. कोरियन युद्धात तांबं मिळेना, तेव्हा काही वर्षं पोलादी नळ्या टाकल्या गेल्या आणि त्या आतून गंजल्या. म्हणून घर 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धातलं असेल तर नळी कशाची आहे हे आधी विचारा. तपासणीसाठी बॉयलर बंद करून, पाणी थंड झाल्यावर, नळ्यांचा एकेक फेरा झडप लावून वेगळा करा, दाब देऊन गेजकडे काही तास लक्ष ठेवा. काटा उतरला तर त्या फेऱ्यात गळती आहे. नेमकी जागा थर्मल कॅमेऱ्यानं सापडते. तेवढाच स्लॅब फोडून तांब्याची नळी ब्रेझ करता येते, म्हणजे वितळवलेल्या धातूनं सांधता येते. सगळी व्यवस्था मोडीत काढायचा सल्ला मिळाला तरी ही तपासणी झाल्याशिवाय ऐकू नका. आणि फरशीत खिळा किंवा ड्रिल कधीच नाही, गालिच्याच्या पट्ट्यासुद्धा चिकटवूनच लावा. जाड गालिचा मात्र टाळलेलाच बरा, ऊब त्याच्याखालीच अडकते.

मूळ काच एकेरी आणि साधी असते, फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे होतात. अमेरिकेत दारांना आणि मोठ्या तावदानांना सुरक्षा काच सक्तीची झाली ती 1977 मध्ये. बदलताना टेंपर्ड (उष्णतेनं कणखर केलेली) दुहेरी काच घ्या, पण आधी खांबातली खाच मोजा. दुहेरी काच जाड आणि वजनदार असते. खाच वाढवावी लागते किंवा लाकडी पट्टी पातळ करावी लागते. जाड विनायल चौकट बसवणं सोपं असतं, पण त्यानं प्रत्येक बाजूला दोन-तीन इंच काच जाते आणि आतली तुळई बाहेर सलग जाताना दिसेनाशी होते.

नऊ बाय नऊ इंचांच्या जुन्या टाइल्स दिसल्या तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असेल असं धरूनच चाला; तपासणी होईपर्यंत घासू-फोडू नका. 1978 च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं.

आतल्या भिंतींचं फिलिपिनी महोगनीचं पॅनेलिंग अजून टिकून असेल तर त्याला रंग देऊ नका. वरचा पापुद्रा इतका पातळ असतो की पुढे कुणी रंग काढायला सँडर फिरवला की थेट खालचं प्लायवूड दिसतं. मऊ फडक्यानं सौम्य साबणाचं पाणी लावून पुसा, पूर्ण वाळू द्या आणि शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात एका आडबाजूच्या कोपऱ्यात आधी लावून बघा. ओरखडे आणि फिकट पट्टे त्यानंच बहुतेक बुजतात. पॅनेलिंगचा एखादा तक्ता फारच खराब झाला असेल तर कपाटाच्या आतल्या बाजूचा चांगला तक्ता काढून तिथे लावता येतो. लाकूड त्याच काळातलं असल्यामुळे रेषा जुळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.