सरफेस ग्राइंडर: बारीक रेघांचा माग लागला

रेघा गेल्या! माझा जुना सरफेस ग्राइंडर (फिरत्या चाकाने धातूचा पृष्ठभाग सपाट घासणारं मशीन) मी दुरुस्त करतोय. त्यावर घासलेल्या ज्या प्लेटबद्दल मागच्या नोंदीत लिहिलं होतं, तिच्यावरच्या बारीक आडव्या रेघा आता तिरप्या उजेडात धरूनही दिसत नाहीत. बेअरिंग बदलून, व्हील (घासणारं चाक) बॅलन्स करून आणि टेबलच्या स्लाइड धुऊनपुसूनही त्या हटत नव्हत्या. मूळ निघालं ते मोटरला मिळणाऱ्या करंटमध्ये. थ्री फेज ग्राइंडर घरी कपॅसिटर लावून सिंगल फेजवर चालवणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांच्या जॉबवरही (घासायच्या तुकड्यावर) हाच ठसा उमटत असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो.

आधी उरकलेली कामं. टेबलखालच्या सॅडलमधल्या तेलाच्या वाटा पूर्ण मोकळ्या झाल्या. जुनं तेल आणि ग्राइंडिंगची पूड मिळून आत दगडासारखा थर बसला होता. रॉकेलमध्ये भिजवून, तारेने कोरून आणि शेवटी हवा मारून तो निघाला. आता पंपाचा दांडा दाबला की व्ही-स्लाइड आणि सपाट स्लाइड दोन्हींवर तेल येतं, आणि टेबल बोटाने ढकललं तरी चालतं. ते पहिल्यांदा तसं सरकलं तेव्हा मी बराच वेळ नुसता त्याला इकडून तिकडे ढकलत होतो.

स्पिंडलचं (व्हील फिरवणाऱ्या दांड्याचं) कामही संपलं. जुन्या बेअरिंगच्या रिंगवर खड्डे पडले होते, त्यामुळे ती बदलणं भागच होतं. अँग्युलर कॉन्टॅक्ट (तिरका दाबही पेलणारी), पी४ दर्जाची (अतिशय अचूक), पाठीला पाठ लावून बसणारी जोडी घातली. इथे एक सांगतो. मी जोडी मागवली तर एका विक्रेत्याने दोन सुटी बेअरिंग एकाच खोक्यात घालून पाठवली. जुळवलेल्या संचात बाहेरच्या रिंगांवर मिळून एक व्ही खूण असते आणि ती एका बेअरिंगवरून दुसऱ्यावर जाते. ती नसेल तर माल परत करा. प्रीलोड (बेअरिंगमध्ये आधीच ठेवलेला दाब) कारखान्यात घासून जुळवलेला असतो, नट आवळून तो आणता येत नाही. दुसरीकडून आलेली जोडी मात्र उत्तम निघाली. ग्रीस मोजकंच भरलं, मधे मधे थांबून स्पिंडल फिरवत रुळवलं, आणि व्हील बसतं त्या टेपरवर डायल (डगमग मोजणारं घड्याळ) लावला तर काटा २ मायक्रॉनच्या आत. या मशीनला हे मिळेल असं वाटलं नव्हतं.

आणि तरीही रेघा होत्या तिथेच.

खरं तर प्लेटवर रेघा दोन प्रकारच्या होत्या. एक रुंद, साधारण साडेतीन मिलिमीटरवर, आणि तिच्या आत दुसरी बारीक, त्याच्या निम्म्या अंतरावर. रेघांचं अंतर म्हणजे टेबलचा वेग भागिले कंपनांची वारंवारता. टेबल मिनिटाला १० मीटर, म्हणजे सेकंदाला १६७ मिलिमीटर जातं असं धरलं आणि टॅकोमीटरवर स्पिंडल २९२५ आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), म्हणजे ४८.७५ हर्ट्झ (सेकंदाला फेऱ्या) दाखवतं, तर फेऱ्यागणिक एक रेघ ३.४ मिलिमीटरवर पडायला हवी. ती रुंद रेघ. अर्थ सरळ: व्हील असंतुलित.

तिचा बंदोबस्त बॅलन्सिंगने झाला. व्हील फ्लँजवर चढवून आधी ड्रेस केलं (तासून गोल केलं), मग दोन समांतर कडांवर ठेवून खोबणीतली वजनं सरकवत गेलो. कुठल्याही जागी ठेवलं तरी व्हील स्वतःहून फिरेनासं झालं, मग पुन्हा ड्रेस केलं आणि पुन्हा तपासलं. दुसरी तपासणी वगळू नका. पहिल्या ड्रेसिंगमध्ये जो भाग निघतो त्याने हिशेब बदलतो. कूलंट (घासताना सोडायचं थंड पाणी) वापरणाऱ्यांनी पंप आधी बंद करावा आणि व्हील थोडा वेळ कोरडं फिरू द्यावं. थांबलेल्या व्हीलमध्ये पाणी खालच्या अंगाला उतरतं आणि पुढच्या वेळी तेच असंतुलन म्हणून हजर होतं.

रुंद रेघ गेली. बारीक रेघ उलट जास्तच उठून दिसायला लागली.

फेरीच्या दुप्पट वारंवारता म्हणजे ९७.५ हर्ट्झ. फेरीत दोनदा धक्का देणारं काही असलं तर रेघ १.७१ मिलिमीटरवर पडेल. पण ५० हर्ट्झच्या विजेची दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झ, आणि तिची रेघ पडेल १.६७ मिलिमीटरवर. फरक इतका सूक्ष्म की टेबल हाताने चालवणाऱ्याला पट्टी लावून तो ओळखताच येणार नाही. हाताचा वेग त्याहून जास्त हलतो. पहिलं कारण खरं असेल तर स्पिंडल पुन्हा खोलायचं. दुसरं खरं असेल तर स्पिंडलला हातही लावायचा नाही.

सुगावा प्लेटनेच दिला. २०० मिलिमीटर लांबीची प्लेट खिडकीशी तिरपी धरली तेव्हा रेघा सगळीकडे सारख्या गडद नव्हत्या. साधारण ६५ ते ७० मिलिमीटरवर त्या गडद होत, मधे पुसट होत, पुन्हा गडद. दोन जवळजवळच्या वारंवारता एकत्र आल्या की त्यांच्या फरकाइतका ठेका उमटतो. १०० वजा ९७.५ म्हणजे अडीच हर्ट्झ, आणि १६७ भागिले अडीच म्हणजे ६७ मिलिमीटर! कान देऊन ऐकलं तर मोटरच्या घुमण्यातही तीच लाट होती: सेकंदात दोन-अडीच वेळा आवाज चढायचा आणि उतरायचा. हा आवाज मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. जुन्या मोटरचा स्वभाव म्हणून मी त्याच्याकडे पाहत होतो. दोन्ही वारंवारता हजर आहेत हे नक्की झालं. जोर कुणाचा, एवढंच उरलं.

त्यासाठी अगदी साधी चाचणी आहे आणि तिला कुठलंही उपकरण लागत नाही. व्हील गार्ड जागेवर, आपण व्हीलच्या रेषेतून बाजूला, कट अगदी हलका, दोन-तीन मायक्रॉनचा. पास (टेबलची एक खेप) चालू असताना, प्लेटच्या मध्यावर, मोटरचं बटण बंद करायचं आणि टेबल थांबवायचं नाही. चांगल्या बेअरिंगवर व्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि त्या उरलेल्या अर्ध्या पासात त्याचा वेग फारसा उतरत नाही. दोष यांत्रिक असेल तर रेघा पुढेही तशाच पडत राहतील. विजेचा असेल तर करंट तुटताच त्या थांबतील.

प्लेट उचलली आणि मी मोठ्याने ओरडलो. अर्ध्या भागावर रेघा, अर्धा भाग स्वच्छ, आणि मधे सीमा इतकी स्पष्ट की नखाने दाखवता यावी.

आता कारण. ही मोटर थ्री फेज, २३०/४०० व्होल्टची. आधीच्या मालकाने ती डेल्टात (तिन्ही वेटोळी त्रिकोणात) जोडून तिसऱ्या टोकाला कपॅसिटर लावला होता. कपॅसिटर तिन्ही करंट समान ठेवू शकतो तो एकाच विशिष्ट लोडवर. तो निवडला जातो पूर्ण लोडसाठी, आणि सरफेस ग्राइंडर जवळजवळ कायम रिकामाच फिरतो. क्लॅम्प मीटरवर तीन तारांत ३.४, २.६ आणि १.५ अँपिअर आले. असे विषम करंट असले की टॉर्क एकसारखा राहत नाही, सेकंदाला १०० वेळा धडधडतो. माझ्या मशीनमध्ये रोटर थेट स्पिंडलवर आहे, मधे बेल्ट नाही, त्यामुळे ती धडधड काहीही न गाळता व्हीलपर्यंत पोचते. खात्रीसाठी छोटा कपॅसिटर लावून पाहिला. रेघा पुसट झाल्या, पण मोटर सुरू होताना कुंथायला लागली. म्हणजे रोग तोच, औषध अपुरं.

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की मूळ मोटर काढून सिंगल फेजची चांगली मोटर बसवेन. तो बेत रद्द. सिंगल फेज मोटरचा टॉर्कही १०० हर्ट्झनेच धडधडतो. आगीतून फुफाट्यात गेलो असतो. त्याऐवजी सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर असा छोटा ड्राइव्ह (मोटरला जाणाऱ्या विजेची वारंवारता ठरवणारं उपकरण) घेतला. मोटर आधीच डेल्टात असल्याने तिच्या आत काहीच उघडावं लागलं नाही. मेगरने इन्सुलेशन तपासलं, कपॅसिटर काढला, केबल आखूड आणि शील्डवाली घेतली.

ड्राइव्हच्या सेटिंगबद्दल माझी दोन ठाम मतं आहेत. कमाल वारंवारता ५० वर कुलूपबंद करा. माझ्या २०० मिलिमीटरच्या व्हीलची कड या वेगात सेकंदाला सुमारे ३० मीटर जाते. व्हीलवर छापलेली मर्यादा गाठून पाहण्यासारखं त्यात काही नाही. आणि ब्रेक लावून थांबवण्याची सोय बंद ठेवा. झटकन थांबलेल्या स्पिंडलवर व्हीलचा नट जडत्वाने सैल होऊ शकतो. व्हील आपल्या गतीने थांबू दे, आपण थांबू.

तिन्ही तारांत आता करंट जवळपास सारखा आहे, घुमणं गेलं आहे, आणि पांढऱ्या ४६ ग्रिटच्या व्हीलने असा फिनिश येतोय की प्लेट पुनःपुन्हा हातात घ्यावीशी वाटते.

पुढचं काम चकचा (टेबलवर जॉब धरून ठेवणाऱ्या पाटाचा) माथा घासण्याचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता काल घासलेला २५ मिलिमीटर जाडीचा ठोकळा ब्लू (तपासणीचा निळा रंग) लावून सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) फिरवून पाहिला. रंग फक्त दोन टोकांना लागला. मधला भाग खोल आहे, म्हणजे बेडची स्लाइड मधे झिजलेली असू शकते. तसं असेल तर आत्ता चक घासणं म्हणजे तोच बाक चकमध्ये उतरवणं. मात्र हाच आकार उष्णतेनेही येतो: घासताना वरची बाजू तापून ठोकळा मधे फुगतो, तो फुगवटा कापला जातो, आणि थंड झाल्यावर तिथे खळगा उरतो. मी कोरडंच घासत होतो. म्हणून चक थांबला, कूलंटची टाकी आणि पंप आधी जोडतो. तोच ठोकळा भरपूर पाण्याखाली, एकेक-दोनदोन मायक्रॉनच्या कटने, ठिणग्या संपेपर्यंत पास देऊन पुन्हा घासेन आणि पुन्हा ब्लू लावेन. रंग तेव्हाही टोकांनाच लागला तर स्क्रेपर (धातू खरवडायचं हत्यार) काढून बेडवर काम सुरू.