चावीवाल्याचा मुलगा ट्रेलवर

माझे वडील, म्हणजे दादा, पाचोरा-जामनेर रेल्वेलाइनवर चावीवाले होते; रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या तपासणं आणि ठोकून घट्ट करणं हे त्यांचं काम. आमच्याकडे तिला नुसतं पीजे म्हणतात. अडीच फुटी रूळ, 56 किलोमीटर. दादा सकाळी हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून गस्तीला निघायचे, आणि शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या मागे. चावी घट्ट असली की हातोडा टणकन वाजतो. सैल असली की आवाज बसका येतो. दादा थांबायचे, वाकायचे, दोन घाव घालायचे, पुन्हा चालायला लागायचे. रुळालगतची ती पायवाट माझ्या पायांना अजून आठवते.

यंदा पाच महिने लेकीकडे राहून आलो, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हर्न्डनला. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी एक डांबरी वाट आहे, तिकडे तिला ट्रेल म्हणतात. पहिल्याच दिवशी तिच्यावर उभा राहिलो आणि दोन्ही बाजूंना नजर टाकली. समोर सरळ रेघ, मग लांबलचक सावकाश वळण, एका बाजूला कटिंग, म्हणजे उंचवटा फोडून काढलेली खोल वाट, पुढे भराव. मी लेकीला म्हणालो, "बाई, इथून गाडी जात होती." ती हसली. "आबा, समोरची ती इमारत बघा, ते जुनं स्टेशनच आहे."

वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन रेल्वेची ही लाइन. गाडी 1968 साली बंद झाली. जागा आधी वीज कंपनीकडे गेली, म्हणून अजून डोक्यावर मोठ्या तारा दिसतात. नंतर तिथल्या उद्यान प्राधिकरणानं तो पट्टा विकत घेऊन वाट बांधली. शर्लिंग्टन ते पर्सेलव्हिल, 45 मैल, म्हणजे साधारण 72 किलोमीटर. मोटारीला बंदी. बऱ्याच अंतरापर्यंत शेजारून घोड्यांसाठी खडीची वेगळी वाट. दर अर्ध्या मैलाला खूण, त्यामुळे किती चाललो ते कुणाला विचारावं लागत नाही.

एक गोष्ट मला शिकावी लागली. मागून येणारा सायकलवाला "ऑन युअर लेफ्ट" असं ओरडतो. म्हणजे मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय, तुम्ही उजवीकडेच राहा. मी लेफ्ट ऐकलं आणि लेफ्टलाच सरकलो. त्या बाईनं कचकन ब्रेक मारला, उतरली आणि आधी मलाच विचारलं, लागलं नाही ना? त्या दिवसापासून मी उजवी कड सोडली नाही.

पुढे जावयाची सायकल घेतली. वय 63, गुडघा कुरकुरणारा. एका रविवारी जावई आणि नातवाबरोबर लीसबर्गहून क्लार्क्स गॅपपर्यंत गेलो. मैलोन्‌मैल चढ आहे, पण कुठेही उतरून सायकल ढकलावी लागली नाही. नातवाला नवल वाटलं. त्याला थांबवून समजावलं: रूळ गुळगुळीत, चाकं लोखंडी, उभ्या चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून लाइन टाकणारे उंचवटा फोडतात, खोलगटात माती भरतात, वळण मोठं घेतात आणि चढ लांबवर पसरवून टाकतात. गाडीसाठी माणसांनी केलेली ती मेहनत आज तुझ्या आजोबांच्या गुडघ्याच्या कामी येतेय. वर खोल कटिंगमध्ये दगडी कमानीच्या पुलाखाली बसून आम्ही लेकीनं दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. दगडांचे सांधे मी हात लावून पाहिले. दादांना दाखवायला हवे होते.

तिथं मला सगळ्यात मोलाचा वाटला तो सलग पट्टा. मध्ये कुणी घर बांधलं नाही, कुणी बांध कोरला नाही. त्या देशात 1983 पासून कायद्यातच सोय आहे: बंद पडणाऱ्या लाइनची जागा तुकड्यांनी विखरू न देता तिच्यावर वाट करायची, आणि उद्या गाडी परत आणायची झाली तर जागा अखंड मिळते.

आमची पीजे 2020 च्या मार्चमध्ये कोरोनात थांबली. तिचं ब्रॉडगेज करून ती बोदवडपर्यंत न्यायचं मंजूर झालंय, आणि ती धावायलाच हवी. वाटेसाठी गाडीचा हक्क सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण ब्रॉडगेजला वळणं सरळ करावी लागतात. त्यात जुन्या लाइनचे जे तुकडे सुटतील, ते बाभळीच्या आणि अतिक्रमणाच्या हवाली करू नका. शेंदुर्णी, पहूर भागातल्या पोरी ट्रकच्या अंगाला अंग घासत सायकलवर शाळेत जातात. भराव तयार आहे, मोऱ्या तयार आहेत, चढ आधीच मोडलेला आहे. वर डांबर आणि कडेला चार निंब, एवढंच लागतं.

दिवाळीला लेक येणार आहे. नातवाला दादांचा हातोडा दाखवायचाय. दांडा बदललाय, पण डोकं तेच आहे, एका बाजूनं झिजलेलं.