पानभर अर्धविराम

अमळनेरला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, झेरॉक्स आणि निवडणुका आल्या की हँडबिलं, यावर चालतं. गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक, ज्यांना गल्लीत सगळे आप्पाच म्हणतात, बिस्किटांच्या डब्यात 11 फ्लॉप्या घेऊन आले. श्रावणात खानदेशात कानबाई ही देवी बसते तेव्हाची अहिराणी गाणी, त्यांच्या आईच्या तोंडून उतरवलेली, तेव्हा कुणाकडून तरी वर्ड 97 मध्ये टाइप करून घेतलेली. नातवंडांना मोबाइलवर वाचता यावीत, एवढीच मागणी.

यूएसबीवरची फ्लॉपी ड्राइव्ह मागवली. एका फ्लॉपीला बुरशी लागली होती, ती गेलीच. बाकीच्या फायली वर्डने मुकाट उघडल्या, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला. त्यात फाइलमध्ये असतात त्या इंग्रजी कळाच, मराठी असतो तो फक्त वरचा मुखवटा. एफ म्हणजे पहिली वेलांटी, डी म्हणजे क, अर्धविराम म्हणजे य. फॉन्ट टाकला की सगळं नीट दिसतं, पण मोबाइलमध्ये तो फॉन्ट कुठून आणणार? मग युनिकोडच, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, करावं लागतं. नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. पहिली वेलांटी जुन्या फायलीत अक्षराच्या आधी येते, युनिकोडला ती नंतर हवी. रफाराचं नेमकं उलटं. त्यासाठी माझा एक मॅक्रो, म्हणजे हे बदल आपोआप करणारी छोटी आज्ञावली, आहे, बऱ्यापैकी चालतो.

चाळताना दिसलं, 'शाया', 'डोया', 'धुये', 'जयगाव'. वाटलं, मॅक्रोने ळ खाल्ला. फाइंड-रिप्लेस लावून साठेक शब्द दुरुस्त केले, वर स्वतःवर खूश होऊन चहा सांगितला.

आप्पांनी पहिलंच पान वाचलं आणि चष्मा काढला. "भाऊ, मन्ही माय शायामा गयी नही, अन् तू तिले शुद्ध बोलाले लाई दिधं!"

अहिराणीत ळ चा य होतो. मी घरी आईशी रोज 'जयगाव'च बोलतो. पण छापलेलं दिसलं की चूक वाटतं, हे शाळेत बसलेलं वळण. तरी हट्टाने मूळ फाइल फॉन्ट काढून उघडली. कृतिदेवमध्ये ळ ला कॅपिटल जी लागतो. तिथे तो नव्हता. पानभर अर्धविरामच होते. म्हणजे टाइप करणाऱ्याने आप्पांचं अक्षर न् अक्षर पाळलं होतं, आणि मॅक्रोनेही. बिघडवलं ते मी.

सगळ्या फायली पुन्हा मुळापासून केल्या, वर्डमधली शब्दलेखन तपासणी बंद करून. बुरशीच्या फ्लॉपीवर काय होतं ते आप्पांना पाठ होतं. ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. मध्येच सवयीने 'काळी' लिहिलं तर टेबलावर बोट आपटायचे. त्या दोन संध्याकाळींचे पैसे मी लावले नाहीत.