गेर्निका आणि पानिपतचा खुर्दा

‘तिकडे बसून पानिपत रंगवणार? तुम्हाला काय कळणार इथलं दुःख?’ परदेशात राहून चित्रं काढणाऱ्या मराठी माणसाला हे हमखास ऐकावं लागतं. माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात याचं उत्तर भिंतीवर आहे: पिकासोचं ‘गेर्निका’. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी स्पेनच्या बास्क प्रदेशातलं गेर्निका गाव जाळलं, तेव्हा पिकासो पॅरिसमध्ये होता. १९३४ नंतर तो स्पेनला गेलेलाच नव्हता. वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि फोटो, एवढ्यावर १ मे रोजी रेखाटनं सुरू झाली आणि जूनच्या सुरुवातीला ३.४९ बाय ७.७७ मीटरचं चित्र पूर्ण झालं. लांब असणं हा गुन्हा नव्हे.

या चित्रात विमान नाही, बॉम्ब नाही, सेनापती नाही. किंचाळणारा घोडा, मेलेलं मूल घेतलेली आई, मोडकी तलवार धरलेला हात. आपल्या पानिपतच्या चित्रांत मात्र घोड्यावर भाऊसाहेब, मागे जरीपटका. ‘दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या’ हे आपल्याला तोंडपाठ; मोती आणि मोहरा रंगवल्याही गेल्या. रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, तो खुर्दा कोणी रंगवायचा? छावणीत बायका होत्या, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते, आणि १४ जानेवारी १७६१ आधी रसद तुटून सगळे उपाशी होते. चित्राची सुरुवात तिथून करावी.

पिकासोची सहचरी, छायाचित्रकार डोरा मार हिने गेर्निकाच्या टप्प्याटप्प्यांचे फोटो काढले, ते प्रत्येकाने बघावेत. सुरुवातीला पडलेल्या सैनिकाची मूठ वर उगारलेली होती. पुढे मुठीत धान्याच्या लोंब्या आल्या, मग मूठच गेली. घोड्याची खाली झुकलेली मान वर आली. घोषणा पुसली गेली आणि चित्र मोठं झालं. आपणही रोज काम थांबवताना एकाच जागेवरून, एकाच उजेडात फोटो काढावा. चुका दुसऱ्या दिवशी फोटोतच आधी दिसतात.

आता करड्या रंगाबद्दल, कारण घोळ तिथेच होतो. नुसता काळा आणि पांढरा मिसळला की सिमेंटसारखा मेलेला करडा होतो. गेर्निकासमोर थोडं थांबलं की निळसर आणि तपकिरी झाक वेगळी दिसू लागते, रंगाचे ओघळही दिसतात. दोन करडे वेगळे बनवावेत: आयव्हरी ब्लॅकमध्ये टायटॅनियम व्हाइट आणि चिमूटभर रॉ अंबर (तपकिरी) घातलं की उबदार, अल्ट्रामरीन (निळा) घातलं की थंड. अंगाला उबदार, आभाळाला थंड. प्रत्येकाच्या पाच-पाच छटा आधीच बनवून पट्टीवर लावून सुकू द्याव्यात, कारण ओला आणि सुकलेला करडा एकसारखा दिसत नाही. आयव्हरी ब्लॅक तेल फार खातो आणि सावकाश सुकतो; त्याच्या जाड थरावर लवकर सुकणारा रंग चढवला की वरचा थर तडकतो. खालचे थर पातळ, वरचे तेलकट, हा नियम इथे मोडू नये. झिंक व्हाइट कॅनव्हासवर ठिसूळ होतो, तो टाळावा.

आकाराचं सोपं आहे. ३० बाय १५ सेंटिमीटरच्या रेखाटनावर ३ सेंटिमीटरचे ५० चौकोन आखावेत. ३ बाय दीड मीटरच्या कॅनव्हासवर तेच ३० सेंटिमीटरचे होतात. चौकटीला मधे आडव्या-उभ्या पट्ट्या हव्यातच, नाहीतर ओढ बसून लाकूड आत वाकतं. गेसोचे (रंगाआधी कॅनव्हासवर द्यायच्या पांढऱ्या लेपाचे) तीन हात द्यावेत, प्रत्येक हात सुकल्यावर हलकं पॉलिशपेपर मारावं.

चित्र भारतात न्यायचं असेल तर खरी काळजी गुंडाळण्याची. गेर्निका देशोदेशी हिंडलं, पुन्हा पुन्हा गुंडाळलं गेलं, त्याचे तडे आजही आहेत. १९५७ मध्ये मागून मेण-राळेचं अस्तर लावावं लागलं, आणि आता ते बाहेर पाठवत नाहीत. नळी जितकी जाड तितकं बरं, आणि रंगाची बाजू बाहेर ठेवूनच गुंडाळावं. बाहेरच्या बाजूचा बारीक तडा उलगडल्यावर मिटतो. रंग आत असेल तर दाबला जाऊन त्याचे पोपडे निघतात. जाड थर बोटाने दाबून मऊ लागला, तर त्या सुट्टीत चित्र नेऊ नये.