बापाने हात वर केले, तर पोराचा खर्च सरकार देतं

जर्मनीत १९८० पासून एक कायदा लागू आहे. आई-वडील वेगळे झाले, मूल एकाकडे राहिलं आणि दुसऱ्याने त्याच्या खर्चाचे पैसे दिले नाहीत, तर ते पैसे सरकार देतं. दरमहा, सांभाळणाऱ्या पालकाच्या खात्यात. तेवढ्या रकमेसाठी मग पैसे बुडवणाऱ्या पालकाच्या मागे सरकारच लागतं. ज्याने मूल सांभाळलं त्याने वसुलीसाठी वणवण करायची नाही. या मदतीला इथे ‘उंटरहाल्ट्सफोरशुस’ म्हणतात. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण मराठी घरांत ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण इथल्या आपल्या बायकांपैकी फार थोड्यांना त्याचा पत्ता आहे.

मला ते कळलं ते एका मैत्रिणीमुळे. ती मूळची सांगलीकडची. नवऱ्याच्या नोकरीमागे बर्लिनला आली, मुलगा इथेच झाला, आणि तो बोलायला लागेपर्यंत संसार मोडला. नवरा दुसऱ्या देशात नोकरीला गेला. सुरुवातीला पैसे यायचे, मग एक महिना आड यायला लागले, मग फोनही उचलेना. तिला एका गोदामाच्या ऑफिसात अर्धवेळ नोकरी होती. भाडं भरलं की हातात फारसं काही उरत नव्हतं. सांगलीला आई-वडिलांना तिने हे कितीतरी दिवस सांगितलंच नव्हतं.

मदत मागायला ती तयार नव्हती, त्याला कारण होतं व्हिसा. ‘सरकारचे पैसे घेतले की राहण्याचा परवाना जातो’ ही गोष्ट इथल्या भारतीयांत तोंडोतोंडी फिरते. ती अर्धी खरी आहे. बेकारांना मिळणाऱ्या मूलभूत भत्त्यावर घर चालत असेल, तर परवान्याचं नूतनीकरण अवघड होऊ शकतं. पण परदेशी नागरिकांच्या निवास कायद्यात कोणते पैसे ‘सरकारी आधार’ धरायचे नाहीत, याची यादीच दिली आहे. प्रत्येक मुलामागे मिळणारं किंडरगेल्ड, बाळंतपणानंतरचं एल्टर्नगेल्ड आणि हा पोराच्या खर्चाचा आगाऊ भत्ता, तिन्ही त्या यादीत आहेत. म्हणजे ते घेतल्याने परवान्याला धक्का लागत नाही. नवऱ्याबरोबरचा संसार जर्मनीत किमान ३ वर्षं झालेला असला, तर वेगळं झाल्यावर बायकोला स्वतःच्या नावावर राहता येतं, हेही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसरी भीती ऑफिसाची. हा अर्ज युगेंडाम्टकडे, म्हणजे बालकल्याण कार्यालयाकडे करायचा असतो, आणि युगेंडाम्ट म्हटलं की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो. मूल धोक्यात आहे असं वाटलं तर त्याला ताब्यात घ्यायचा अधिकार या कार्यालयाला आहे, त्यामुळे धास्ती अगदीच निराधार नाही. पण बाप कोण हे कायद्याने ठरवून घ्यायचं असेल, खर्चाची रक्कम ठरवायची असेल, तर फुकट मदत करणारंही हेच कार्यालय. घर सांभाळताना पालकाचा तोल जायला लागला, तर आठवड्यातले काही तास घरी येऊन मुलाचा अभ्यास, सरकारी पत्रं, कर्जाचे हप्ते यांत हात देणारी कार्यकर्ती धाडतं तेही हेच. बहुतेक कुटुंबांचा त्याच्याशी संबंध येतो तो याच बाजूने.

मी तिच्याबरोबर गेले. साधी खोली, खिडकीत कुंडी, कोपऱ्यात लाकडी आगगाडीचा खोका. मुलगा तिथेच रमला. मैत्रिणीने मोठी पिशवी आणली होती. त्यात व्हॉट्सअॅपवरच्या भांडणांचे प्रिंट होते, दिराचं पत्र होतं, लग्नाचे फोटो होते, आपण कशा नांदत होतो हे दाखवणारं जे जे हाताला लागलं ते सगळं होतं. टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं ते एवढंच: मूल कुणाजवळ राहतं? वडील काही देतात का? त्यांचा शेवटचा माहीत असलेला पत्ता कोणता? जन्मदाखला, परवाना आणि बँकेचं स्टेटमेंट ठेवून घेतलं. बाकीचा गठ्ठा त्यांनी नीट जुळवून परत दिला. हे लागत नाही, म्हणाल्या.

संसार का मोडला, हे कुणी विचारलंच नाही. बाहेर आल्यावर मैत्रीण जिन्यातच बसली आणि रडली.

माझी मावसबहीण पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात पोटगीसाठी खेपा घालत होती, ते मी जवळून पाहिलं आहे. आपल्याकडे कायदा नाही असं कुणी म्हणू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, आणि अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं त्यातच म्हटलं आहे. प्रत्यक्षात समोरचा तारखेला येत नाही, पगार लपवतो, नोकरी सोडल्याचा कागद आणतो. हुकूम हातात पडला तरी वसुली बाईनेच करायची. तोवर पोराची फी कोण भरतं? माहेर. भाऊ-भावजय चांगले असले तर निभावतं, नसले तर त्या बाईला दोन वेळच्या जेवणाबरोबर चार शब्दही गिळावे लागतात. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यातून मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात आणि एक पालक असलेल्या मुलांनाही त्या योजनेत जागा आहे. ती योजना मोलाची आहे. पण पैसे बुडवणारा बाप तिच्यात कुठेच येत नाही, त्याला कुणी जाब विचारत नाही.

जर्मन कायद्यातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. बापाचं देणं माफ होत नाही. ते सरकारच्या नावावर चढतं, आणि सरकार पगारातून कापून घेऊ शकतं. वसुली मात्र कमी होते, दिलेल्या पैशांच्या पाव हिस्साही परत येत नाही, आणि त्यावरून इथे दरवर्षी टीका होते. ती योग्यच आहे. तरी तोटा सरकारच्या तिजोरीला होतो, पोराच्या ताटाला नाही. माझ्या दृष्टीने फरक इथेच आहे.

२०१७ पर्यंत ही मदत फक्त १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना, तीही जास्तीत जास्त ७२ महिने मिळायची. त्या वर्षीच्या १ जुलैपासून मुदतीची अट गेली आणि वय १८ पर्यंत वाढलं. सध्या ६ वर्षांखालच्या मुलाला महिना २२७ युरो, ६ ते ११ वयाला २९९ आणि १२ ते १७ ला ३९४ युरो मिळतात. शिवाय किंडरगेल्ड २५९ युरो वेगळं. एक गोष्ट मात्र मला मुळीच पटत नाही. सांभाळणाऱ्या आईने पुन्हा लग्न केलं की भत्ता बंद. नवा नवरा त्या पोराचा कायदेशीर बाप होत नाही, पण सरकार हात काढून घेतं.

या पैशांत बर्लिनमध्ये घर चालत नाही, हेही सांगायला हवं. घरांची टंचाई अशी की वेगळी झालेली जोडपी दुसरं घर मिळेना म्हणून महिनोन् महिने एकाच घरात, वेगळ्या खोल्यांत राहतात. काही कुटुंबांत मूल एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा बाबांकडे असतं, आणि चिमुरडी पोरं पाठीवर दप्तर आणि कपडे घेऊन ये-जा करताना दिसतात. पाळणाघराचा, म्हणजे किटाचा, भार तेवढा हलका आहे. वर्षाच्या मुलापासून जागेचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, आणि बर्लिनमध्ये २०१८ पासून फी नाही, जेवणाचे महिना २३ युरो तेवढे भरायचे. मूल आजारी पडलं तर एकट्या पालकाला वर्षाला ३० दिवस घरी राहता येतं आणि पगाराचा मोठा भाग आरोग्य विम्यातून मिळतो.

पण रात्री दोन वाजता पोराला १०३ ताप असतो तेव्हा मैत्रीण एकटीच असते. तिची आई येते ती पर्यटक व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस, त्याहून एक दिवस जास्त नाही. आई परत गेल्यानंतरचे पहिले काही दिवस तिला सगळ्यात जड जातात. मुलगा आजीची खोली उघडून बघतो, असं ती सांगते. आता तिच्याकडे आठवड्यातून एकदा एक निवृत्त जर्मन बाई येतात. एकट्या पालकांच्या मुलांना आजी-आजोबा मिळवून देणाऱ्या एका सेवेतून आल्या. मुलगा त्यांना हाक मारतो, ‘ओमा आजी’. ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजीच.

जर्मनीत तुमची कुणी बहीण, भाची, मैत्रीण अशा अडचणीत असेल, तर तिला एवढं नक्की कळवा. अर्ज लेखी करायचा, आणि लगेच करायचा, कारण मागचे पैसे फार तर एक महिन्याचे मिळतात, तेही बापाकडे मागणी केल्याचं दाखवता आलं तर. म्हणून त्याला पैशांची आठवण करून देणारे मेसेज पुसू नयेत. मूल भारतात जन्मलं असेल तर जन्मदाखल्याचं जर्मन भाषांतर आधीच करून ठेवावं. बाप भारतात असला किंवा पत्ताच माहीत नसला तरी अर्ज करता येतो, फक्त माहीत आहे तेवढं सगळं सांगावं लागतं. सोबतीला कुणी नसेल तर मला लिहा, बर्लिनमध्ये असेन तेव्हा मी येईन.